शिल्लक औषध द्यायचे कुठे? (लेखांक ७)

फवारताना अंगावर काय घालावे, हे गेल्या आठवड्यात पाहिले. आज फवारणीनंतर उरणाऱ्या औषधाविषयी. लिटरची बाटली आणली, सहाशे मिली लागले, मग पावसाची झड लागली आणि कीडही ओसरली. उरलेली बाटली माळ्यावर नाहीतर गोठ्यात जाते. दोन-तीन हंगामांत लेबल फाटते, मुदत संपते आणि आत काय आहे हे घरात कोणालाच सांगता येत नाही.

अशा डब्यांची मला खरोखर भीती वाटते. १६ जुलै २०१३ रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेतले माध्यान्ह भोजन खाऊन २३ मुले दगावली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक सापडले.

काही औषधांवर तर बंदीच आली आहे. ऊसवाल्यांच्या परिचयाचे थिमेट, म्हणजे फोरेट, केंद्राच्या २०१८ च्या आदेशानुसार ३१ डिसेंबर २०२० पासून पूर्ण बंद आहे. घरात जुने पाकीट असेल तर ते वापरता येत नाही. मग करायचे काय?

ओढ्यात ओतले तर ते खालच्या विहिरींपर्यंत जाते. बांधावर पेटवले तर उघड्या आगीत ते धड जळत नाही, विषारी धूर तेवढा होतो. घातक कचऱ्याच्या भट्टीत वायू सुमारे ११०० अंश सेल्सिअसला किमान दोन सेकंद ठेवावे लागतात, तेव्हा कुठे असे विष मोडते. तळोजासारख्या ठिकाणी अशी सोय आहे. २०१६ च्या घातक कचरा नियमांच्या यादीत मुदतबाह्य कीटकनाशकांचा उल्लेख आहे. दुकानदाराने मुदत संपलेला माल वेगळा काढून त्यावर विक्रीसाठी नसल्याचा शिक्का मारावा, असाही नियम आहे. पण शेतकऱ्याच्या माळ्यापासून त्या भट्टीपर्यंतची वाट कोणी बांधलेली नाही, आणि माझी तक्रार तीच आहे.

निदान रिकाम्या डब्यांपुरती ही वाट ब्राझीलने २००० च्या कायद्याने बांधली. डबा कुठे परत करायचा हे विक्रेता पावतीवर लिहून देतो. शेतकरी तो तीनदा धुऊन वर्षभरात तिथे पोहोचवतो. पुढची विल्हेवाट उत्पादकाने लावायची. ज्याने विष विकून पैसे मिळवले, त्यानेच ते परत न्यावे, हा न्याय मला पटतो. आपल्याकडे गावोगावी कृषी सेवा केंद्रे आहेत. माल येतो त्याच दारातून तो परत का जाऊ नये?

तोपर्यंत उरलेले औषध मूळ बाटलीतच राहू द्या. दोन औषधे एकत्र ओतू नका आणि पाण्याच्या बाटलीत तर कधीच काढू नका. लेबल सुटले असेल तर नाव माहीत असल्यास लिहून चिकटवा, नसल्यास ‘अज्ञात विष’ असे लिहा. गळकी बाटली घमेल्यात उभी करून कुलपात ठेवा. रिकामा डबा मात्र फवारणीच्या वेळीच तीनदा खळखळून धुवा, ते पाणी पंपातच ओता आणि डब्याला भोके पाडा. पुढच्या हंगामात क्षेत्र मोजून, लागेल तेवढेच विकत घ्या.

येत्या ग्रामसभेत हा विषय मांडा. गावातल्या शिल्लक औषधांची यादी करून ती कृषी अधिकाऱ्यांना आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला पाठवा, अधिकृत गाडी लेखी मागा. पुढील आठवड्यात लेबलवरचे रंगीत त्रिकोण समजून घेऊ.