शब्दाला त्याचा सूर सापडतो कसा?

चार आवाजांच्या समूहगानाचं छापील पान बघा. सोप्रानो, आल्टो, टेनर, बास; प्रत्येकाचा पाच रेषांचा स्टाफ वेगळा, आणि खाली शब्दांचं अक्षर न् अक्षर नेमक्या सुराखाली. आता हे पान ज्या फाइलमधून उमटलं ती उघडा. तिच्यात ना रेषा, ना टिंबं, ना अंतरं! नुसता टाइप केलेला मजकूर: सुरांची नावं, त्यांचे कालावधी आणि गाण्याचे शब्द.

ही किमया लिलीपाँडची. हान-वेन निनहाउस आणि यान न्यूवेनहाउझेन या दोघा डच मंडळींनी १९९६ साली सुरू केलेलं हे मोफत सॉफ्टवेअर. अक्षर डावी-उजवीकडे कुठे बसवायचं, हे इथे सांगावंच लागत नाही. ते कुणाचं आहे एवढंच सांगायचं. सुरावटीला नाव द्यायचं, शब्द त्या नावाला जोडायचे, की शब्द तिचं बोट धरून चालू लागतात. एका सुराला एक अक्षर. 'आकाश' हवं असेल तर मध्ये दोन-दोन हायफन: आ -- का -- श. 'आ' तीन सुरांवर लांबवायचा? ते तीन सूर स्लरने, म्हणजे सुरांना जोडणाऱ्या कमानीने, बांधा. 'का' आपोआप थांबतो. अक्षर रुंद निघालं, तर सूरच सरकून जागा करून देतात!

वर-खाली जागेचं गणित मात्र निराळं. चारही स्टाफ लिहून झाल्यावर शेवटी सोप्रानोचे शब्द लिहिले, तर ते सोप्रानोच्याच लयीत, पण थेट बासच्या खाली उमटतात. कारण ओळी ज्या क्रमाने फाइलमध्ये जन्मतात, त्याच क्रमाने पानावर उतरतात. म्हणून शब्दांची ओळ आपल्या स्टाफच्या लगेच मागे लिहायची, किंवा ती कुठल्या स्टाफच्या वर हवी ते स्पष्ट सांगायचं. चारही स्टाफ 'कॉयरस्टाफ' या गटात घातले, की उभ्या रेघा दोन स्टाफच्या मधे तुटतात. शब्दांवर काट मारत नाहीत.

या शिस्तीमुळे चूकही मजेशीर होते. 'आकाश'मधले हायफन विसरले, तर अख्खा शब्द एकाच सुरावर बसतो, पुढचं सगळं गाणं दोन सूर आधी येतं आणि शेवटचे दोन सूर शब्दांविना राहतात. तेव्हा शेवट रिकामा दिसला, की चूक वरच्या ओळींत शोधावी.