लय आधी पावलांत
जिनिव्हाच्या संगीतशाळेत १८९२पासून हार्मनी, म्हणजे एकाच वेळी वाजणाऱ्या सुरांची संगती, शिकवणारे एमिल जाक-दालक्रोझ यांनी लय आधी शरीरात रुजावी, असा आग्रह धरला. त्यांच्या पद्धतीत शिक्षक पियानो वाजवतो आणि मुले त्या लयीत चालतात, थांबतात, वळतात. तीन-चार वर्षांच्या मुलांची स्वाभाविक गती मोठ्यांपेक्षा जलद असल्याने संथ ठेक्यावर टाळी धरणे त्यांना जड जाते, आणि नेमका तोच ठेका हौशी शिक्षक सोपा समजून निवडतात. म्हणून बालवाडीत खंजिरी हाती घेणाऱ्याने प्रथम मुलांच्या पावलांमागे जावे, मग गती हळूहळू बदलावी आणि मध्येच वादन थांबवावे. अचानक जागच्या जागी थांबणे हा मुलांना खेळच वाटतो, परंतु त्यातून लक्षपूर्वक ऐकण्याची सवय लागते. चुकलेल्या टाळीला टोकण्याची गरज बहुधा नसते.