‘स्लिप डिस्क’चा किस्सा आणि पुरावा

समजा, तुम्ही पीएचडीला कुलाब्याच्या ‘स्लिप डिस्क’ या नाइट क्लबचा इतिहास घेतलात. क्लब आज नाही, उरलाय तो किस्सा: १९७२मध्ये लेड झेपलिनचे रॉबर्ट प्लांट आणि जिमी पेज तिथे वाजवून गेले. आता हा किस्सा कसा तपासाल?

आधी दावे वेगळे करा. दोघे तेव्हा मुंबईत होते, याला भक्कम आधार आहे. ऑक्टोबर १९७२मध्ये त्यांनी इथल्या वादकांसोबत केलेलं ध्वनिमुद्रण २०१५मध्ये ‘कोडा’च्या नव्या आवृत्तीत अधिकृतपणे निघालं. पण क्लबात काय वाजलं, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी हजर असलेल्यांच्या मुलाखती, तेव्हाची मासिकं, फोटो एकमेकांशी ताडून बघावे लागतात.

खरा प्रश्न तर पुढेच आहे. पाहुणे एका रात्रीचे. बाकीच्या रात्री तिथे कोण वाजवत होतं? १९७० आणि १९७१च्या ‘सिम्ला बीट’ स्पर्धांच्या एलपी ऐका, म्हणजे त्या काळचे भारतीय बँड भेटतील. ती पिढी आता सत्तरीपार आहे. कागद थांबतील, माणसं नाही. म्हणून उलव्यात बसून सिद्धांताचं प्रकरण नंतर लिहा. आधी अटल सेतू ओलांडा आणि मुलाखती घ्या.