प्रवासाला निघालेला फ्रिज

फेब्रुवारी-मार्चमध्ये पिंपळगाव बसवंतला कधी गेलात, तर मुंबई-आग्रा महामार्गाकडे जरा लक्ष ठेवा. कांद्याचे ट्रॅक्टर दिसतील, पिकअप दिसतील, आणि मधूनच एक लांबलचक पांढरी पेटी जाईल. तिच्या पुढच्या तोंडाशी एक यंत्र घरघरत असतं. आत काय असेल? द्राक्षं! ती पेटी म्हणजे चक्क ४० फुटी फ्रिज. ट्रेलरवरून न्हावा शेवा बंदरात, तिथून जहाजाने युरोपात. कित्येक दिवसांचा प्रवास, आणि तरी मणी टवटवीत!

पण गंमत पुढेच आहे. एवढ्या दांडग्या फ्रिजमध्ये गरम द्राक्षं भरून चालत नाही. घड सकाळच्या गारव्यात खुडतात, पॅकहाऊसमध्ये पेट्यांत भरतात आणि आधी प्री-कूलिंगच्या खोलीत नेतात. तिथले पंखे पेट्यांच्या भोकांतून गार हवा जोरात ओढतात. काही तासांत घड ४ अंशांच्या आसपास येतात, मग कोल्ड स्टोरेजमध्ये जवळजवळ ० अंशावर. त्यानंतर कंटेनर! कारण कंटेनरचं काम माल गार करण्याचं नाही, गार ठेवण्याचं आहे. खुडलेलं द्राक्षही जिवंत असतं बरं का. ते श्वास घेतं आणि थोडी थोडी उष्णता सोडत राहतं. ती उष्णता, आणि भिंतींतून झिरपणारी उन्हाची धग, एवढीच यंत्राने बाहेर काढायची.

हो, बाहेर काढायची. फ्रिज आत थंडी भरत नाही. विहिरीवरची मोटर पाणी उपसते, तसा तो उष्णता उपसतो. हाताला सॅनिटायझर लावलं की गार का वाटतं? त्याची वाफ होताना ते तुमच्या हाताची उष्णता घेऊन जातं. फ्रिजच्या नळ्यांतही हेच चालतं. आर-१३४ए नावाचा एक द्रव तर उणे २६ अंशांनाच उकळतो! आतल्या नळ्यांत उकळताना तो उष्णता शोषतो. मग कंप्रेसर ती वाफ दाबतो, बाहेरच्या नळ्यांत ती उष्णता सोडते आणि पुन्हा द्रव होते.

आता समजा, सुट्टीत तंबू किंवा कॅराव्हॅन घेऊन निघायचंय आणि छोटा फ्रिज निवडायचाय. एका प्रकारात कंप्रेसरच नसतो. पेल्तिए या फ्रेंच माणसाला १८३४ मध्ये दिसलं, की दोन धातूंच्या जोडातून वीज गेली की जोड गार होऊ शकतो. त्यावर चालणारी पेटी स्वस्त असते, पण बाहेरच्यापेक्षा साधारण २० अंशच खाली जाते. मे महिन्यात पारा ४० वर गेला, तर आत २०. दूध नासणारच! आणि डिसेंबरात? पिंपळगावच्या निफाड तालुक्यात पारा कधी कधी ५ अंशांच्याही खाली जातो, तेव्हा फ्रिज हवाय कुणाला?

मी तर १२ व्होल्टवर चालणारा कंप्रेसरवालाच घेईन. आतलं गार झालं की तो थांबतो आणि बॅटरी वाचते. भिंती जाड हव्यात, झाकण वरून उघडणारं हवं. गार हवा जड असते, बादलीतल्या पाण्यासारखी तळाशी बसून राहते. घरचा फ्रिज उघडून अनवाणी उभे राहा, ती पायांवर सांडलेली कळेल.

आणि पाण्याच्या बाटल्या? त्या आदल्या रात्रीच घरच्या फ्रिजमध्ये ठेवा. पिंपळगावची द्राक्षंही आधी गार होऊनच गाडीत चढतात ना!