आर्तवचक्र आणि मुखत्वचा : दिनचर्येत बदल किती आणि कशासाठी?

औषधालयाच्या फळीपाशी येऊन "पाळीच्या आधी चेहऱ्यावर पुटकुळ्या येतात, त्यावर काही द्या" असे सांगणाऱ्या स्त्रिया आपणा सर्वांच्या परिचयाच्या आहेत. अलीकडे या मागणीचे स्वरूप किंचित बदलले आहे. "पाळीच्या चार टप्प्यांसाठी चार वेगवेगळी द्रव्ये लावायची असतात ना?" असा प्रश्न घेऊनच रुग्णा येते आणि तशी संचपेटी विकण्याचा मोह औषधालयचालकास होणे स्वाभाविक आहे. आर्तवचक्राप्रमाणे त्वचेत फरक पडतो, हे आम्हांस पूर्णतः मान्य आहे. तथापि त्यावरून दर आठवड्यास लेप बदलावा, असा जो निष्कर्ष काढला जातो, तो शास्त्रास व अनुभवास कितपत धरून आहे याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम काळाची विभागणी पाहू. रजःकाल, ऋतुकाल आणि ऋतुव्यतीतकाल हे तीन भाग आपल्या नित्य परिचयाचे. ऋतुकाल बारा रात्रींचा की सोळा रात्रींचा, याविषयी ग्रंथकारांत मतभेद आहेत. रजःकाली वात, ऋतुकाली कफ आणि ऋतुव्यतीतकाली पित्त प्रधान, अशी मांडणी महाविद्यालयांतून शिकविली जाते. ती उपयुक्त असली तरी मूलतः युक्तिप्रमाणाने केलेली आहे, आणि ती मुखत्वचेला जशीच्या तशी लावताना एक अडचण उभी राहते. पाळीपूर्वीचा काळ पित्ताचा, म्हणून पुटकुळ्याही पित्ताच्या, म्हणून चंदन व वाळा, असा सरळ हिशेब पुष्कळजण करतात. परंतु सुश्रुताचार्यांनी निदानस्थानात मुखदूषिकेचे वर्णन करताना कफ, वात आणि रक्त यांचा निर्देश केला आहे. सावरीच्या काट्यासारखी ती पिडका केवळ पित्ताची नव्हे. त्यांनी सांगितलेली चिकित्साही याला धरूनच आहे. वमनाचे महत्त्व, आणि लेपांत वचा, लोध्र, सैंधव व सर्षप, किंवा धने, वचा, लोध्र व कुष्ठ. ही द्रव्ये प्रामुख्याने कफाचा अवरोध मोडणारी आहेत. केवळ शीत लेपांवर विसंबणाऱ्या चिकित्सकास यश का येत नाही, याचे एक कारण येथेच सापडते.

आधुनिक शारीरक्रियेचे निरीक्षणही याच दिशेचे आहे. विल्यम्स व कनलिफ यांनी १९७३ साली असे दाखविले की केसाच्या मुळाशी असलेल्या तैलग्रंथीचे मुख चक्राच्या साधारण १५ ते २० या दिवसांत अधिक संकुचित होते. स्राव चालू राहतो, वाट मात्र अरुंद होते. आपल्या भाषेत याला स्रोतोरोध म्हणण्यास हरकत नसावी. पुटकुळी दिसते ती त्यानंतर काही दिवसांनी, म्हणजे पाळीच्या तोंडावर. हे सर्वच स्त्रियांत घडते असेही नाही. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या, ४०० स्त्रियांच्या एका पाहणीत पाळीपूर्वी पुटकुळ्या वाढल्याचे सांगणाऱ्या ४४ टक्के होत्या आणि तेहतिशीपुढील स्त्रियांत हे प्रमाण अधिक होते. तेव्हा "हा तारुण्याचा विकार, लग्नानंतर जाईल" हे वाक्य आता आपण थांबविलेले बरे.

येथे एक मुद्दा विशेष ध्यानात घ्यावा. डोळ्यांना दिसणाऱ्या पुटकुळीचे बीज, म्हणजे तैलग्रंथीच्या मुखातील सूक्ष्म अवरोध, ती दिसण्याच्या कित्येक आठवडे आधी पडलेले असते. पाळीच्या चार दिवस अगोदर उगाळलेला लेप सूज उतरवील, परंतु पुटकुळीची उत्पत्ती टाळू शकणार नाही. म्हणून मूळ दिनचर्या महिनाभर एकच असावी आणि चक्रानुसार तीत अल्पसा फरक करावा, असे आमचे मत आहे.

ही मूळ दिनचर्या साधी आहे. दिवसातून दोनदा कोमट वा साध्या पाण्याने, सौम्य क्षालन द्रव्याने चेहरा धुणे, त्वचा कोरडी वाटल्यास हलका, तेलकट नसलेला स्निग्ध लेप, उन्हापासून संरक्षण, आणि पुटकुळ्या न फोडणे. यांतील शेवटची सूचना देणे सोपे आणि पाळणे कठीण, हे आम्ही जाणतो.

आता फरकांकडे वळू. रजःकाली त्वचेतून पाण्याचे उत्सर्जन वाढते, असे मापनांत आढळले आहे. त्यामुळे या दिवसांत खरखरीत उटणे, मुलतानी मातीचा वाळेपर्यंत ठेवलेला थर किंवा लिंबाचा रस सोसत नाही. भुवया कोरणे वा केस काढणे या दिवसांत अधिक दुखते, असेही अनेक स्त्रिया सांगतात. रजस्वलापरिचर्येत अनुलेपन व अभ्यंग वर्ज्य सांगितले आहेत. त्यांचा संदर्भ गर्भाधानाचा आहे आणि तेथील फलश्रुती होणाऱ्या अपत्याविषयीची आहे, हे विसरून कोणी रुग्णेस तोंड धुण्याचीही भीती घालू नये. त्या उपदेशातून आम्ही एवढेच घेतो की हे तीनचार दिवस तीक्ष्ण उपचारांचे नव्हेत. ऋतुकाली त्वचा बहुधा सर्वांत शांत असते. नवे द्रव्य वापरून पाहायचे तर याच काळात, आणि तेही प्रथम कोपराच्या आतील बाजूस लावून, दोन दिवस थांबून मग चेहऱ्यावर.

खरे काम ऋतुव्यतीतकालाचे. बीजोत्सर्गानंतर देहाचे तापमान सुमारे अर्धा अंश सेल्सियसपर्यंत वाढते, चेहरा तेलकट भासतो, काहींना घामही अधिक येतो. या काळात कुंकुमादी तैल किंवा अन्य तैलकल्प पिडका असलेल्या चेहऱ्यावर लावू देऊ नयेत. कुंकुमादी तैल वर्ण्य आहे, हे खरे. परंतु वर्ण्य म्हणजे मुखदूषिकाघ्न नव्हे आणि या एका गफलतीमुळे चांगल्या औषधाची पुष्कळ बदनामी झाली आहे. पाळीच्या अपेक्षित तारखेपूर्वी दहाबारा दिवसांपासून, एक दिवसाआड, लोध्र व धने समभाग आणि वेखंड त्यांच्या निम्म्याहून कमी, असे सूक्ष्म वस्त्रगाळ चूर्ण पाण्यात कालवून पातळ लेप द्यावा. वेखंड काहींना चुरचुरते. तसे झाल्यास ते पूर्णपणे वगळावे. लेप सुकू न देता ओला असतानाच काढावा. शार्ङ्गधरांनी घालून दिलेला हा नियम रुग्णा हमखास मोडतात, कारण लेप वाळून त्वचा ताणली गेली की "गुण आला" असे त्यांना वाटते. रात्री लेप लावून झोपू नये, हेही स्पष्ट सांगावे. बावचीयुक्त कल्प पिडकांवर देऊ नयेत. बावची लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजून काळे डाग राहतात. त्वचारोगतज्ज्ञाने दिलेली रेटिनॉइड वर्गातील मलमे चालू असतील, तर त्यावर आपले लेप चढवू नयेत.

एवढे सांगून झाल्यावर आमच्याच हातून झालेली एक चूक नमूद करणे आवश्यक वाटते. विशीतील एक रुग्णा पाळीपूर्वी हनुवटी व जबड्याच्या कडेस पुटकुळ्या येतात म्हणून आली. "पाळी नियमित आहे का?" या प्रश्नास तिने "हो" असे उत्तर दिले. आम्ही अठ्ठावीस दिवसांचा हिशेब धरून लेपाच्या तारखा लिहून दिल्या. चार महिने गुण आला नाही. पाचव्या महिन्यात आम्ही तिला घरच्या भिंतीवरील दिनदर्शिकेत केलेल्या खुणा पाहून तारखा आणण्यास सांगितले. दोन पाळ्यांत कधी पंचेचाळीस, कधी साठ दिवसांचे अंतर होते. "नियमित" याचा तिच्या लेखी अर्थ "गोळी न घेता आपोआप येते" एवढाच होता. हनुवटीवरील केस ती दर पंधरवड्यास काढून घेत होती. तेही तिने सांगितले नव्हते, आणि आम्ही विचारले नव्हते. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे तपासणी झाली आणि बीजकोशांच्या विकाराचे, म्हणजे पीसीओएसचे निदान ठरले. लेपाच्या तारखा मोजण्यात आम्ही चार महिने घालविले. तिला त्या काळात गरज होती ती निदानाची.

तेव्हापासून आम्ही तारखांची नोंद असल्याशिवाय पाळीशी संबंधित पिडकांची चिकित्सा आरंभीत नाही. किमान तीन चक्रांची नोंद घ्यावी. पाळीचा पहिला दिवस आणि पुटकुळ्या उठल्याचे दिवस, एवढ्या दोनच खुणा पुरेत. २४ ते ३८ दिवसांच्या अंतराने पाळी येत असेल आणि पुटकुळ्या दरवेळी तिच्या आधीच्या आठवड्यात उठत असतील, तर वरील उपक्रम योग्य. पुटकुळ्यांचा पाळीशी मेळ बसत नसेल, तर आहार, मलावष्टंभ, केसांना लावण्याचे तेल, सौंदर्यप्रसाधने यांकडे पाहावे. पाळी लांबत असून हनुवटीवर केस असतील, तर केवळ या दोन गोष्टींवरूनही पीसीओएसचा संशय पुरेसा ठरतो. २००३ च्या रॉटरडॅम निकषांत तीनपैकी दोन लक्षणे पुरतात. मात्र थायरॉइड व प्रोलॅक्टिन यांची तपासणी करून अन्य कारणे वगळणे अगत्याचे. आवाज घोगरा होणे किंवा केस अल्पकाळात झपाट्याने वाढणे, ही लक्षणे असल्यास रुग्णेस त्याच आठवड्यात पुढे पाठवावे.

आणखी एक प्रश्न विचारावयाचा राहतो. रुग्णा गर्भनिरोधक गोळ्या घेते का? संयुक्त गोळ्या घेणाऱ्या स्त्रीस बीजोत्सर्ग होत नाही. तिला येणारा रक्तस्राव गोळ्यांच्या खंडामुळे येतो. तिच्यासाठी ऋतुकाल, ऋतुव्यतीतकाल असा हिशेब मांडणे निरर्थक आहे. केवळ प्रोजेस्टोजेन असलेल्या गोळ्यांनी व इंजेक्शनांनी काहींच्या पुटकुळ्या वाढतात. तांबी बसविलेल्या स्त्रीचे चक्र मात्र नेहमीप्रमाणेच चालते. स्तनपान करणाऱ्या आणि रजोनिवृत्तीकडे झुकलेल्या स्त्रियांच्या बाबतीतही तारखांवर विसंबता येत नाही.

औषधालयचालक बंधुभगिनींस दोन शब्द. समोरच्या स्त्रीस घाई असते. तीन महिने नोंद ठेवा, असे ऐकण्यास ती आलेली नसते. अशा वेळी पूर्वी सर्रास हातात ठेवली जाणारी वस्तू म्हणजे स्टेरॉइडयुक्त मलम. पुटकुळी दोन दिवसांत बसते, महिनाभराने दुपटीने उठते, चेहरा लाल व पातळ होतो आणि मलम सोडवत नाही. २०१८ साली केंद्र शासनाने त्वचेवर लावावयाची अशी स्टेरॉइड मलमे शेड्यूल एचमध्ये आणली. चिठ्ठीवाचून ती देता येत नाहीत. याखेरीज, घटकद्रव्यांची यादी नसलेल्या, खुल्या डबीतून येणाऱ्या "आयुर्वेदिक" गोरेपणाच्या मलमांत पारद वा स्टेरॉइड मिसळलेले असू शकते, आणि पारदाने वृक्कास इजा होते. वेष्टनावर परवाना क्रमांक, घटक व निर्माता नसेल, तर अशी डबी फळीवर ठेवूच नये. त्याऐवजी एक छापील पत्रक ठेवावे, ज्यावर बारा महिन्यांच्या तारखांचे चौकोन आणि खाली पाळीचा पहिला दिवस व पुटकुळ्यांचे दिवस यांसाठी दोन खुणा असतील. आमच्या औषधालयात असे पत्रक विनामूल्य दिले जाते. ते घेऊन गेलेल्यांपैकी काहीजणीच परत येतात, परंतु ज्या येतात, त्यांच्याशी बोलण्यास पाच मिनिटे पुरतात.