आपलेंच वजन, आपलाच काटा

दरवर्षीं उन्हाळ्यांत शालान्त परीक्षेचा निकाल लागतो आणि घरोघर पेढे वाटले जातात. महाराष्ट्राचा हा निकाल २०२४ सालीं ९५.८१ टक्के व २०२५ सालीं ९४.१० टक्के लागला. कोंकण विभागानें तर २०२५ सालीं ९८.८२ टक्क्यांपर्यंत मजल मारली. मुलांच्या या आनंदावर विरजण घालण्याचा आमचा हेतु मुळींच नाहीं. ज्यानें वर्षभर रात्री जागून अभ्यास केला, त्याचें व त्याच्या आईबापांचें अभिनंदन करणें हें आमचें कर्तव्यच आहे. परंतु पेढे खाऊन झाल्यावर एका प्रश्नाचें उत्तर प्रत्येक विचारी पालकानें शोधलें पाहिजे. हे शेकडा ९४ कोणत्या मापानें मोजलेले आहेत?

आमच्या वाचकांत व्यापारी पुष्कळ आहेत. त्यांस हा प्रश्न फोड करून सांगावयास नको. दुकानांतील वजनें दुकानदारानें स्वतःच घडवावीं, काटा स्वतःच तपासावा आणि माल पुरा भरला असा दाखलाहि स्वतःच द्यावा, हें कोणतेंहि गिऱ्हाईक मान्य करणार नाहीं. म्हणूनच वजनमापांवर सरकारी छाप लागते. शिक्षणाच्या बाबतींत मात्र प्रश्नपत्रिका काढणारें, उत्तरपत्रिका तपासणारें व निकाल जाहीर करणारें मंडळ एकच असतें. शिवाय प्रत्येक राज्याचें मंडळ निराळें आणि प्रत्येकाचा शेर निराळ्या वजनाचा. एका राज्याचे ९५ टक्के व दुसऱ्याचे ८५ टक्के यांवरून कोणत्या राज्यांतील मुलें अधिक शिकलीं हें ब्रह्मदेवासहि सांगतां येणार नाहीं. निकाल चढला तो मुलें हुशार झालीं म्हणून, कीं प्रश्न सोपे झाले म्हणून, हेंहि त्या आंकड्यांवरून कळत नाहीं.

असा बाहेरचा काटा जगांत आहे. आर्थिक सहकार्य व विकास संघटना या नांवाचा जो बहुतांशीं सधन राष्ट्रांचा संघ आहे, तो २००० सालापासून साधारणतः दर तीन वर्षांनीं पंधरा वर्षांच्या मुलांची एक परीक्षा घेतो. तिला आद्याक्षरांवरून ‘पिसा’ असें म्हणतात. तिचे विषय तीन: वाचन, गणित व विज्ञान. पाठ केलेलें जसेंच्या तसें लिहून येथें भागत नाहीं. एखादें वेळापत्रक, एखादा आलेख किंवा एखादा मजकूर पुढें ठेवून त्यावरून मुलाला काय उमगतें तें पाहिलें जातें. मुलें निवडून देणें शाळेच्या हातीं नसतें. चिठ्ठ्या टाकाव्या त्याप्रमाणें यादींतून शाळा व मुलें निवडलीं जातात. आणि मुख्य गोष्ट ही कीं, कोणत्याहि मुलाचे गुण जाहीर होत नाहींत. त्यामुळें कॉपी करण्यांत त्याचा कांहींच लाभ नसतो. येथें माप मुलाचें होत नाहीं. त्याला शिकविणाऱ्या व्यवस्थेचें होतें.

भारत या काट्यावर एकदांच चढला. २००९ च्या फेरीला जोडून झालेल्या परीक्षेंत आपल्या देशातर्फे तामिळनाडू व हिमाचल प्रदेश हीं दोन राज्यें उतरलीं. हीं कांहीं मागासलेलीं राज्यें नव्हेत; शिक्षणांत पुढारलेल्या राज्यांतच त्यांची गणना होत असे. निकाल २०११ च्या अखेरीस हातीं आला. ७४ देश व प्रदेशांच्या यादींत हीं दोन्ही राज्यें अगदीं तळाशीं, किर्गिझस्तानच्या शेजारीं होतीं. गणितांत संघटनेच्या सभासद राष्ट्रांची सरासरी ४९६ होती, तर तामिळनाडूची ३५१ व हिमाचलची ३३८. व्यवहारांत निभाव लागण्यास जेवढें वाचन किमान हवें, तेवढें सभासद राष्ट्रांतील शेकडा ८१ मुलांना येत होतें. तामिळनाडूंत तें शेकडा १७ मुलांना व हिमाचलांत शेकडा ११ मुलांना येत होतें. पुढारलेल्या राज्यांची ही कथा, मग इतरांची काय असेल, याची कल्पना वाचकांनींच करावी.

या निकालानंतर आपण काय केलें? काटाच दाराबाहेर ठेवला. प्रश्न आमच्या मुलांच्या सामाजिक व सांस्कृतिक परिस्थितीशीं जुळणारे नाहींत, असें कारण पुढें करून भारत २०१२ च्या फेरींतून दूर राहिला. २०१५ व २०१८ सालींहि तेंच. २०१९ सालीं पुन्हां उतरण्याचा करार झाला खरा. परंतु ठरलें असें कीं, चंदीगडच्या शाळा आणि केंद्रीय व नवोदय विद्यालयें एवढींच पुढें करावीं. पोत्याच्या तोंडाशीं निवडक दाणे पसरून वानगी दाखविणाऱ्या अडत्यास आमचे व्यापारी काय म्हणतात, हें आम्हीं लिहावयास नको. खरी वानगी पोत्याच्या पोटांतून काढावी लागते. पुढें महामारीमुळें ती परीक्षा २०२१ वरून २०२२ वर गेली. आणि २०२२ सालीं ८१ देश व प्रदेश परीक्षेस बसले, त्यांत भारत नव्हताच.

प्रश्न परके होते या आक्षेपांत कांहींच तथ्य नाहीं, असें आम्ही म्हणत नाहीं. तुलना डोळसपणें करावयास हवी, हेंहि आम्हांस मान्य आहे. २००९ सालीं गणितांत ६०० गुणांनीं पहिलें आलेलें शांघाय हें एक सधन शहर होतें. त्यावरून सगळ्या चीनचा अंदाज बांधणें भोळेपणाचें होईल. २०२२ सालीं गणितांत ५७५ गुण मिळविणारें सिंगापूर हेंहि एक शहरवजा राष्ट्र आहे. बिहारच्या खेड्यांतील मुलाला त्याच्या शेजारीं उभें करून नाकें मुरडणें हा न्याय नव्हे. पण व्हिएतनामचें काय? तोहि दीर्घकाळ युद्धानें पोळलेला, उत्पन्नानें बेताचा देश. २०१२ सालीं तो पहिल्यानेंच या परीक्षेस बसला आणि गणितांत त्याला ५११ गुण मिळाले. त्या वेळीं सभासद राष्ट्रांची सरासरी ४९४ व अमेरिकेचे गुण ४८१ होते. तेथील पंधरा वर्षांचीं पुष्कळ मुलें शाळेबाहेर असल्यामुळें मोजणींत आलीं नाहींत, ही वजावट अवश्य करावी. ती करूनहि गरीब देशाच्या शाळेंत बसलेलें मूल चांगलें शिकूं शकतें, एवढें तरी सिद्ध होतें. दारिद्र्य हें कारण खरें आहे. परंतु तेवढेंच कारण नाहीं.

परक्या काट्यानें कमी वजन दाखविलें असतां शहाण्या राष्ट्रानें काय करावें, याचा धडा जर्मनीनें घालून दिला आहे. ज्ञानाचें माहेरघर म्हणून मिरविणाऱ्या या देशाला २००० सालच्या पहिल्याच परीक्षेंत वाचनांत ४८४ गुण मिळाले. सरासरी ५०० होती. २००१ च्या अखेरीस हें जाहीर होतांच देशभर खळबळ उडाली व ‘पिसाचा धक्का’ हा शब्दप्रयोगच रूढ झाला. तेथें शिक्षण हा राज्यांच्या अखत्यारींतला विषय. राज्यें सोळा आणि अभ्यासक्रमहि निरनिराळे. पुढल्याच वर्षीं राज्याराज्यांची तुलना प्रसिद्ध झाली. बव्हेरिया वर आणि ब्रेमेन तळाशीं, हें सर्वांनीं वाचलें. त्याहून बोंचणारी गोष्ट अशी निघाली कीं, गरिबांच्या व परदेशांतून आलेल्या कुटुंबांच्या मुलांना तेथील व्यवस्था फार मागें टाकीत होती. मग सर्व राज्यांस लागू पडणारीं समान मानकें ठरलीं. तीं पाळलीं जातात कीं नाहीं हें मोजणारी संस्था २००४ सालीं बर्लिनमध्यें निघाली. दिवसभर चालणाऱ्या शाळांसाठीं मध्यवर्ती सरकारनें ४०० कोटी युरो दिले. २०१२ पर्यंत वाचनाचे गुण ५०८ वर गेले. पुढें २०२२ सालीं ते ४८० वर घसरले, हेंहि सांगितलें पाहिजे. काटा म्हणजे औषध नव्हे. पण दुखणें वाढलें कीं उतरलें हें त्यावांचून कळणार कसें?

आपल्या देशांतल्या देशांत असा काटा अगदींच नाहीं असें नाहीं. मुंबईंत उदयास आलेल्या ‘प्रथम’ या संस्थेनें २००५ सालापासून खेडोपाडीं घरोघर जाऊन मुलांना वाचावयास लावण्याचा उपक्रम चालविला आहे. त्याच्या ‘असर’ अहवालासाठीं २०२४ सालीं ६०५ जिल्ह्यांतील सुमारे साडेसहा लाख मुलें पाहिलीं गेलीं. दुसरीच्या पुस्तकाच्या तोडीचा उतारा पांचवींतील ४८.८ टक्के मुलांना वाचतां आला. तीन अंकी संख्येस एका अंकानें भागणें ३०.७ टक्के मुलांना जमलें. केंद्र सरकारच्या ‘परख’ सर्वेक्षणानें त्याच वर्षीं डिसेंबरांत २१ लाखांहून अधिक मुलांची चांचणी घेतली. ९९ पर्यंतच्या संख्या चढत्या वा उतरत्या क्रमानें लावणें तिसरीच्या ५५ टक्के मुलांनाच साधलें. हे आंकडे निघाले कीं वर्तमानपत्रें पहिला कोण व शेवटचा कोण एवढें छापून मोकळीं होतात, जणूं क्रिकेटचा सामनाच झाला. क्रमांक हा या आंकड्यांतील सर्वांत कमी उपयोगाचा भाग आहे. वर्गांतील निम्मीं मुलें पांचवींत बसून दुसरीचें वाचूं शकत नाहींत, तर सहावीच्या भूगोलाचें पुस्तक त्यांच्यापुढें ठेवून उपयोग काय, हा खरा प्रश्न आहे.

आंकड्यांचा असा उपयोग करणाऱ्या राज्याचें एक उदाहरण अमेरिकेंतलें आहे. तेथें १९६९ पासून एक राष्ट्रीय चांचणी चालते व १९९० पासून तिच्यांत राज्याराज्यांची तुलनाहि होते. मिसिसिपी हें त्या देशांतील अत्यंत गरीब राज्यांपैकीं एक. चौथीच्या वाचनांत २०१३ सालीं त्याचा क्रमांक ४९ वा होता. त्या राज्यानें चांचणीला दोष दिला नाहीं. त्याच वर्षीं कायदा करून अक्षर व ध्वनि यांचा मेळ घालून वाचन शिकविण्याचें शिक्षण शिक्षकांस दिलें, दुबळ्या शाळांत मार्गदर्शक धाडले, आणि तिसरीच्या अखेरीस वाचतां न येणाऱ्या मुलास पुढें ढकलणें बंद केलें. मूल मागें ठेवण्याच्या या शेवटल्या कलमाबद्दल तेथेंहि मतभेद आहेत. तथापि २०२४ सालीं तें राज्य नवव्या क्रमांकावर आलें, ही गोष्ट कोणास नाकारतां येणार नाहीं.

अशी तुलना ही परक्यांची चाल आहे, असें कोणी म्हणेल तर त्यानें आपला इतिहास वाचावा. १९१० व १९११ सालीं नामदार गोखल्यांनीं प्राथमिक शिक्षणाचा प्रश्न वरिष्ठ कायदेमंडळांत मांडला, तेव्हां परदेशांतील शाळांत जाणाऱ्या मुलांचे आंकडे त्यांनीं सरकारपुढें ठेवले व बडोद्याचा दाखला दिला. सयाजीरावमहाराजांनीं १८९३ सालीं अमरेलींत सक्तीच्या मोफत शिक्षणाचा प्रयोग करून १९०६ सालीं तें सबंध संस्थानांत लागू केलें होतें. एका संस्थानास जें साधतें तें साम्राज्यास कां साधूं नये, हा गोखल्यांचा सवाल होता. त्यावरहि उत्तर मिळालें तें असेंच कीं, येथील परिस्थिति निराळी आहे. १९१२ सालीं १३ विरुद्ध ३८ मतांनीं तें बिल फेटाळलें गेलें. परक्या सरकारनें जी सबब सांगितली, तीच शंभर वर्षांनीं स्वराज्यांतील अधिकाऱ्यांनीं सांगावी, याचा विषाद कोणास वाटणार नाहीं?

तेव्हां आमचें म्हणणें थोडक्यांत असें. तामिळनाडू व हिमाचल एकदां उतरूं शकले, तर महाराष्ट्रानेंहि मध्यवर्ती सरकारची संमति घेऊन, सगळ्या राज्याची खरी वानगी पुढें ठेवून, जागतिक परीक्षेस उतरावें. क्रमांक तळाचा आला तरी हरकत नाहीं. राज्यांतील सर्वेक्षणांचे निकाल जिल्हावार व सोप्या मराठींत प्रसिद्ध व्हावेत, आणि त्यांत क्रमांकापेक्षां गेल्या खेपेहून किती पुढें गेलों हें ठळक असावें. तिसरें, व सर्वांत महत्त्वाचें, या आंकड्यांवरून कोणाहि शिक्षकाची बढती अगर शिक्षा ठरूं नये. तशी ठरूं लागली कीं काट्याखालीं मेण लागलेंच म्हणून समजावें. जेथें मुलें मागें आहेत तेथें अधिक शिक्षक, अधिक पुस्तकें व अधिक पैसा जावा, एवढाच त्यांचा उपयोग.

सरकार हें केव्हां करील तें करो. तोंवर प्रत्येक वाचकास एक गोष्ट आज संध्याकाळींच करतां येण्याजोगी आहे. घरांतील, शेजारचें किंवा दुकानांतील नोकराचें पांचवींतलें मूल जवळ बसवावें, दुसरीच्या पुस्तकांतील एक उतारा त्याच्यापुढें ठेवावा आणि न रागावतां, न सांगतां, तें कसें वाचतें तें ऐकावें. मग पाहिजे तर प्रगतिपुस्तक उघडून त्यांतील श्रेणी पाहावी. दोहोंचा मेळ बसला तर आनंदच आहे. न बसला तर मुलास बोल लावूं नये; दुसऱ्या दिवशीं शाळेंत जाऊन गुरुजींस भेटावें आणि पुढील सभेंत शाळा-समितीस विचारावें.