पाचांची एक नळी

13 एप्रिल 2020. देश कोरोनाच्या लॉकडाउनमध्ये, चाचणीची किट मोजूनमापून वापरायचे दिवस. त्या दिवशी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं (आयसीएमआर) प्रयोगशाळांना कळवलं की, जिथे संसर्ग कमी आहे तिथे पाच जणांचे स्वॅब एकत्र करून एकच आरटी-पीसीआर केली तरी चालेल. लखनौच्या किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठातल्या प्रयोगशाळेनं आधी ते करून पाहिलं होतं. या सूचनेमागे निव्वळ काटकसर होती, पण हिशेब पक्का असलेली काटकसर.

काम दिसायला अगदी साधं. सेफ्टी कॅबिनेटच्या काचेखाली दोन्ही हात घालून टेक्निशियन पहिल्या नळीचं झाकण फिरवते, पिपेटनं 200 मायक्रोलिटर द्रव ओढते आणि रिकाम्या नळीत सोडते. वापरलेली टिप डब्यात. नवी टिप, दुसरी नळी. पाचव्या नळीनंतर एक मिलिलिटर भरतं. यापुढे आरएनए काढणं, प्लेट लावणं, मशीन चालवणं हे सगळं या एका नळीचं. मूळच्या पाच नळ्या मात्र टाकायच्या नाहीत. लेबल तपासून त्या फ्रिजमध्ये ठेवायच्या. पूल, म्हणजे ही एकत्र केलेली नळी, निगेटिव्ह आला तर पाचही जण सुटले. पॉझिटिव्ह आला तर पूल फोडायचा, म्हणजे त्या पाच नळ्या बाहेर काढून प्रत्येकीची वेगळी तपासणी करायची. मशीनच्या प्लेटला 96 खाचा असतात. दोन कंट्रोलसाठी सोडल्या तर उरतात 94. एरवी तेवढ्याच माणसांचं काम होतं. पाच-पाचचे पूल केले तर 470 जणांची पहिली फेरी त्याच प्लेटवर उरकते.

शंभर माणसांत एक बाधित धरा. वीस पूल होतील, त्यातला एक पॉझिटिव्ह येईल, तो फोडायला आणखी पाच चाचण्या. शंभराचं काम पंचविसांत झालं. शितावरून भाताची परीक्षा आपण नेहमीच करतो. इथे आधी भात तपासायचा आणि खोट निघालीच तर शितं वेचायची.

ही युक्ती कोरोनाच्या काळातली नव्हे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात भरती होणाऱ्या लाखो तरुणांची सिफिलिससाठी रक्ततपासणी चालली होती. एकेकाचं रक्त वेगळं तपासण्याचा खर्च रॉबर्ट डॉर्फमन या अर्थशास्त्रज्ञाला खटकला. 1943 साली त्यानं छोटासा निबंध छापला आणि गणित मांडलं : शंभरात एक रोगी असेल तर अकरा-अकराचे गट करा, सुमारे ऐंशी टक्के चाचण्या वाचतील. संख्याशास्त्रात हा निबंध अजरामर झाला, पण सैन्यानं त्याप्रमाणे तपासण्या केल्या नाहीत. एका रोग्याचं रक्त आठ-दहा निरोग्यांच्या रक्तात मिसळलं की त्या काळच्या चाचणीला ते ओळखूच येईना.

पीसीआरनं नेमकी हीच अडचण बरीचशी दूर केली. इथे दर आवर्तनाला विषाणूचा जनुकीय अंश दुप्पट होतो. नमुना पाचपट पातळ झाला तर मशीनला साधारण सव्वादोन आवर्तनं जास्त लागतात, बत्तीसपट झाला तर पाच. इस्रायलच्या टेक्निऑन आणि रॅम्बाम रुग्णालयातल्या संशोधकांनी बत्तीस नमुन्यांच्या पूलमधूनही एकटा पॉझिटिव्ह शोधून दाखवला होता. पण फुकट काहीच मिळत नाही. ज्याची सीटी व्हॅल्यू (विषाणू दिसेपर्यंत लागलेली आवर्तनं) एकट्यानं 34 आली असती तो पाचांच्या पूलमध्ये 36 च्या पुढे जातो, आणि पॉझिटिव्हची रेषा 35 वर आखली असेल तर हातून निसटतो. अशा लोकांत बहुतेक वेळा विषाणू अगदी थोडा असतो, हे खरं. पण संसर्ग नुकताच सुरू झालेला माणूसही त्यांत असू शकतो.

खरी मेख आहे ती संसर्गाच्या प्रमाणात. आयसीएमआरची अट होती : शंभरात दोनपेक्षा कमी पॉझिटिव्ह असतील तिथेच पूल करा, दोन ते पाच असतील तर फक्त सर्वेक्षणात, लक्षणं नसलेल्यांचे, पाचाच्या वर नकोच. शंभरात वीस बाधित असले की तीनांतले दोन पूल पॉझिटिव्ह येतात, एवढे फोडत बसल्यावर वाचतात जेमतेम तेरा चाचण्या. तीस असले तर उलट खर्च वाढतो. 2020 च्या सप्टेंबरात महाराष्ट्रात हे प्रमाण विसाच्या घरात होतं. म्हणजे किटची सर्वांत जास्त निकड होती तेव्हाच ही काटकसर कुचकामी ठरत होती. मला तरी हा पद्धतीचा दोष वाटत नाही. ही पद्धत साथ येण्याआधीची आणि ओसरल्यानंतरची पहारेकरी आहे. ऐन भडक्यात तिला कामाला जुंपणं ही वापरणाऱ्याची चूक.

शिवाय डॉर्फमनच्या गणितात रोगी विखुरलेले असतात, आणि खरे रोगी तसे नसतात. जेरुसलेमच्या हदासा रुग्णालयात 2020 मध्ये 1,33,816 नमुने पाच आणि आठच्या पूलमध्ये तपासले गेले आणि सुमारे 76 टक्के चाचण्या वाचल्या. एका घरातले, एका वसतिगृहातले नमुने एकत्रच प्रयोगशाळेत पोचत आणि एकाच पूलमध्ये पडत. त्यामुळे बाधित माणसं थोड्याच पूलमध्ये गोळा होत आणि बाकीचे स्वच्छ निघत. जर्मनीत नॉर्थ राइन-वेस्टफालियाच्या प्राथमिक शाळांनी मे 2021 पासून असे नैसर्गिक गटच वापरले. पोरांनी आठवड्यातून दोनदा कापसाची काडी अर्धा मिनिट चोखायची, आणि अख्ख्या वर्गाच्या काड्या एका नळीत. नाकात काडी खुपसण्यापेक्षा हे पोरांना नक्कीच परवडलं असणार.

पूल फोडण्यात वेळ जातो. एका बाधितापायी चार निरोगी माणसं रिपोर्टसाठी ताटकळतात. पवईत आयआयटी मुंबईच्या मनोज गोपालकृष्णन, अजित राजवाडे आणि सहकाऱ्यांनी ही दुसरी फेरीच टाळायचा घाट घातला. त्यांच्या ‘टॅपेस्ट्री’ पद्धतीत प्रत्येक नमुना एकाऐवजी अनेक पूलमध्ये जातो आणि कुठल्या पूलमध्ये विषाणू किती, यावरून संगणक बाधित कोण ते काढतो. त्यासाठीची मांडणी त्यांना सापडली थॉमस कर्कमन या इंग्रज पाद्र्याच्या 1850 च्या कोड्यात : पंधरा मुली, सात दिवस, रोज तिघी-तिघींच्या ओळी, कुठल्याही दोघी पुन्हा एका ओळीत येता कामा नयेत. मुलींच्या जागी स्वॅब, ओळींच्या जागी पूल. गणित देखणं आहे, पण हाती पिपेट धरून शेकडो नळ्यांतून असं गुंतागुंतीचं वाटप करणं म्हणजे चुकीला निमंत्रणच. म्हणून कुठली नळी कुठे रिकामी करायची हे सांगणारं मोबाइल ॲपही त्यांना करावं लागलं.

पूल करण्याची ही रीत कोरोनाच्या कितीतरी आधीपासून कायमची रुजली आहे ती रक्तपेढ्यांत. एचआयव्ही आणि हिपॅटायटिससाठी नॅट, म्हणजे विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी, चाचणी करणाऱ्या अनेक रक्तपेढ्या दात्यांच्या रक्ताचे लहान पूल करूनच तपासतात. प्रश्नावली आणि तपासणीतून गाळून आलेल्या दात्यांत बाधित विरळाच, त्यामुळे पूल सहसा निगेटिव्ह येतो. पॉझिटिव्ह आला तर त्यातल्या सगळ्या पिशव्या बाजूला ठेवल्या जातात, आणि टेक्निशियन एकेक नमुना पुन्हा लावते.